फिटनेसच्या चिठ्ठीनंतर

इंदूरच्या मराठी घरात ऑपरेशनची तारीख ठरली की त्याच संध्याकाळी आणखी एक शब्द घरात शिरतो: फिटनेस. "सर्जन म्हणाले, आधी फिटनेस काढून आणा." ट्रकचा फिटनेस काढतात तसाच सासऱ्यांचाही, आणि अपेक्षाही तीच: एकदा शिक्का बसला की पुढचं बघायला नको. मग ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), छातीचा फोटो, रक्ताच्या आठ-दहा तपासण्या असं सगळं फाइलला लागतं आणि शेवटी फिजिशियनच्या लेटरहेडवर एक ओळ येते, 'फिट फॉर सर्जरी अंडर मॉडरेट रिस्क'. घरचे पहिला शब्द वाचतात आणि फाइल मिटतात. सगळी गोष्ट असते ती शेवटच्या दोन शब्दांत.

हे 'मॉडरेट' हवेतून येत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत ली गोल्डमन यांनी, हृदयाखेरीज इतर ऑपरेशनांत हृदय किती धोक्यात येतं याचे गुण मांडले. १९९९ मध्ये थॉमस ली यांनी ते सहा प्रश्नांवर आणले. (एकाचं नाव ली, दुसऱ्याचं आडनाव ली; परीक्षेला बसणारी पोरं हमखास घोळ घालतात.) ऑपरेशन पोटाच्या किंवा छातीच्या पोकळीतलं, किंवा जांघेच्या वरच्या मोठ्या रक्तवाहिनीवरचं आहे का? हृदयाच्या नसांचा आजार आहे का? हार्ट फेल्युअर झालंय का? लकवा किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेलाय का? मधुमेहाला इन्सुलिन लागतं का? किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन २ मिलिग्रॅमच्या वर आहे का? मूळ अभ्यासात एकही 'हो' नसलेल्यांत हृदयाची मोठी गुंतागुंत अर्ध्या टक्क्याच्या आसपास होती. तीन किंवा जास्त 'हो' असलेल्यांत ती नऊ ते अकरा टक्क्यांवर गेली.

या सहा प्रश्नांत इको नाही, हे फाइल चाळताना आठवावं. इको हृदयाला आडवं, निवांत पडलेलं बघतो. पंपिंग साठ टक्के आलं म्हणजे स्नायू चांगला आकुंचन पावतोय, एवढंच कळतं. नसा मोकळ्या आहेत की नाहीत हे त्यातून कळत नाही. नव्वद टक्के ब्लॉक असलेल्या माणसाचाही विश्रांतीतला इको अगदी सुरेख येऊ शकतो. इकोचा खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे: कारण न सापडणारा दम, पायांवर सूज, किंवा स्टेथोस्कोपखाली ऐकू येणारी ती खरखरीत मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज), जी महाधमनीच्या झडपेचं तोंड अरुंद झाल्याचं सांगते. छातीवर स्टेथोस्कोप न ठेवता इकोची चिठ्ठी लिहिणं ही सध्याची मोठी वाईट सवय आहे.

इकोपेक्षा जास्त माहिती जिना देतो. दोन मजले न थांबता चढता आले, तर शरीर विश्रांतीच्या निदान चौपट ऑक्सिजन वापरू शकतं. विश्रांतीत तो दर किलोला दर मिनिटाला साडेतीन मिलिलिटर लागतो. त्या मोजमापाला मेट म्हणतात, आणि चार मेट जमले तर बहुतेक ऑपरेशनांचा ताण हृदय सोसतं असं धरतात. पण प्रश्न नुसता विचारला की उत्तर भलतंच येतं.

"काकू, जिना चढता येतो का?"

"घर खालीच आहे हो आमचं. जिना आहे कुठे?"

मग फिरून विचारावं लागतं. भरलेली बादली गच्चीवर कोण नेतं? फरशी वाकून पुसता की बाईला सांगता, आणि सांगता तर कधीपासून? बिजासनची टेकडी शेवटची पायी कधी चढलात, मध्ये किती वेळा थांबलात? गुडघे बदलायला आलेल्या माणसात तर हा प्रश्न आणखी फसवतो. पाच वर्षं गुडघ्यामुळे घरात बसलेल्याला छातीत दुखत नाही, कारण छातीत दुखण्याइतकं तो चाललेलाच नसतो. गुडघ्याने हृदयाचं बिंग झाकून ठेवलेलं असतं.

आणि गॅस. माळव्यात छातीचं प्रत्येक दुखणं आधी गॅस असतं, मग दुसरं काही. "सराफ्याच्या खाऊगल्लीत खाऊन पायी घरी येताना इथे गॅस चढतो, जरा उभं राहिलं की उतरतो." भरल्या पोटी, थंडीत, चालताना सुरू होणारं आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत ओसरणारं हे दुखणं अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणाऱ्या दुखण्याच्या, पुस्तकी वर्णनाशी शब्दशः जुळतं, ढेकर आला म्हणून निदान बदलत नाही. गॅसला चालण्या-थांबण्याशी देणंघेणं नसतं. हे एक वाक्य पेशंटकडून नीट काढून घेतलं, तर अर्धी फाइल वाचायची गरज उरत नाही.

दुसऱ्या टोकाचीही एक चूक होते. हर्नियासाठी आलेल्या माणसाच्या ईसीजीत काही दिसलं की घरचेच म्हणतात, आधी अँजिओग्राफी करून स्टेंट टाकून घेऊ, म्हणजे ऑपरेशन निर्धास्त. २००४ मध्ये पाचशेवर पेशंटांचा एक अभ्यास आला. त्यात पायाच्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्यांच्या मोठ्या ऑपरेशनाआधी ब्लॉक उघडून घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत पुढच्या काही वर्षांच्या मृत्यूंत फरक पडला नाही. हृदयाला स्वतःच्या गरजेने स्टेंट हवा असेल तर तो घालायचाच; हर्नियाच्या सोयीसाठी घालायचा नाही. कारण औषध लावलेला स्टेंट बसला की नवंच घड्याळ सुरू होतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू ठेवून साधारण सहा महिने, अटॅकसाठी घातला असेल तर वर्षभर, टाळता येणारं ऑपरेशन पुढे ढकलायचं. अगदीच अडलं तर तीन महिन्यांनंतर, आणि तेही हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून. अटॅक येऊन गेला आणि स्टेंट घातलाच नाही, तरी दोन महिने थांबावंच.

आता पिशवी. तपासणीच्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचा कागद फाइलमध्ये नसतो, तो एम. टी. क्लॉथ मार्केटमधल्या कुठल्याशा दुकानाच्या कापडी पिशवीत असतो: गोळ्यांची पाकिटं. केमिस्टने दहाची स्ट्रिप चार-चारमध्ये कापून दिलेली, नावाचा भाग नेमका दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेला, मागे फक्त 'शेड्यूल एच' आणि अर्धी तारीख. काका सांगतात, "ही गुलाबी सकाळची, ही पिवळी बीपीची." रंगावरून औषध ओळखता येत नाही, कंपनी बदलली की रंग बदलतो. म्हणून न कापलेलं पाकीट, बाटली, शेवटची चिठ्ठी, जे काही असेल ते सगळं आणायला सांगायचं. त्यात वैद्यांचा काढा आणि शेजारणीने दिलेली पूडही आली.

पिशवी ओतली की खरं काम सुरू होतं, आणि त्यात आपल्याकडची एक खास अडचण आहे, एका गोळीत दोन-तीन औषधं. एस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची गोळी एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळते. सर्जन सांगतात, "रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद." घरचे कॅप्सूल बंद करतात. त्याबरोबर एस्पिरिन गेलं, जे स्टेंट असलेल्याला बहुधा चालू ठेवायचं असतं. आणि स्टॅटिन, म्हणजे ती कोलेस्टेरॉलची गोळीही गेली, जी ऑपरेशनच्या दिवशीही चुकवायची नसते. तीच गत बीपीच्या जोडगोळीची. टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल एका गोळीत असतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन आदल्या दिवसापासून घेऊ नका म्हटलं की दोन्ही थांबतं. मेटोप्रोलॉल अचानक थांबलं की दोन-तीन दिवसांत नाडी उसळून वर येते. आणि ऑपरेशननंतरचे ते दोन-तीन दिवस म्हणजे नेमकी ती वेळ, जेव्हा उसळलेली नाडी हृदयाला सगळ्यात महाग पडते. उपाय साधा आहे: जोडगोळी आठवडाभर आधीच सुटी करून द्यायची, दोन वेगळी पाकिटं, एक थांबवायचं, एक घोटभर पाण्याबरोबर ऑपरेशनच्या सकाळीही घ्यायचं.

पण मेटोप्रोलॉल आधीपासून चालू नसेल, तर ऑपरेशनच्या दिवशी 'हृदयाला संरक्षण' म्हणून पहिल्यांदा सुरू करू नये. २००८ मध्ये आठ हजारांहून जास्त पेशंटांवर हेच करून पाहिलं गेलं. अटॅक कमी झाले, पण लकवे आणि मृत्यू वाढले. बीपी कोसळलं की मेंदूला रक्त कमी पडतं, हे त्यामागचं मोठं कारण. जुनी गोळी चालू ठेवा आणि नवी घाईने देऊ नका, हा नियम त्याच आकड्यांतून आला.

टेल्मिसार्टन, रामिप्रिल वगैरे बीपीच्या गोळ्या चोवीस तास आधी थांबवण्यामागे कारण असं: भूल चढली की रक्तवाहिन्या सैल पडतात, आणि ही औषधं अंगात असली की शरीराचा सावरायचा एक मोठा मार्ग बंद असतो. मग बीपी पडतं आणि नेहमीच्या इंजेक्शनने लवकर वर येत नाही. यावर डॉक्टरांतही एकमत नाही. हृदय कमजोर असलेल्यांत काही जण ती चालूच ठेवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांत क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी थांबवायचं, प्रासुग्रेल सात, टिकाग्रेलोर तीन ते पाच. वॉरफेरिन पाच दिवस आधी थांबवून आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं याचा आकडा) दीडच्या खाली आला की मगच ऑपरेशन. धातूची झडप असेल तर मधल्या दिवसांत हेपारिनचं, रक्त पातळ ठेवणारं, इंजेक्शन लागू शकतं, आणि ते ठरवणं घरच्यांचं काम नव्हे. नुसती 'वय झालं म्हणून' चालू असलेली एस्पिरिन मात्र थांबवलेलीच बरी: २०१४ च्या दहा हजार पेशंटांच्या अभ्यासात तिने अटॅक टळले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला.

आणि एक नवं पाकीट हल्ली प्रत्येक पिशवीत असतं, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. साखरेसाठी, हृदयासाठी, किडनीसाठी, तिन्हीसाठी देतात, आणि औषध खरंच गुणाचं आहे. पण उपाशी पोट, ऑपरेशनचा ताण आणि हे औषध एकत्र आलं की शरीर चरबी जाळून कीटोन करतं, रक्त आंबट होतं, आणि गंमत अशी की साखर मात्र १८०-२०० च दिसते. नर्स ग्लुकोमीटर बघते आणि निश्चिंत होते. पेशंटला उलट्या होतात, श्वास खोल-खोल चालतो, नाडी १२० वर जाते, आणि सगळे पोटात कारण शोधत बसतात. म्हणून ही गोळी तीन दिवस आधी बंद. तिचाही मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीबरोबरचा जोड अवतार बाजारात आहे, हे लक्षात ठेवायचं.

उपाशी राहण्याबद्दल इंदुरात बोलायचं तर पोह्यांवर यावंच लागतं. वाफेवरचे पोहे, वर मूठभर शेव, जिरावण मसाला, बाजूला जिलबी: सकाळी सातला हे पोटात गेलेलं असतं आणि विचारलं तर उत्तर येतं, "काही नाही हो, नुसते पोहे खाल्ले." हलक्या जेवणाला सहा तास लागतात, तळलेल्या-तेलकट जेवणाला आठ किंवा जास्त. शेव-जिलबी पडल्यावर पोहे हलक्यात धरता येत नाहीत. दुधाचा चहा पाणी नाही, अन्न आहे. त्यालाही सहा तास. हिवाळ्यात रात्री अकराला सराफ्यात गराडू (तळलेला कंद) खाल्ले आणि सकाळी आठला ऑपरेशन, तर कागदावर नऊ तास झाले. पण वीस वर्षांचा मधुमेह असेल तर पोट आळशी झालेलं असतं आणि गराडू तिथेच असू शकतात.

उलट बाजूही आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. 'रात्री बारापासून पाणीही बंद' ही सूचना सरसकट सगळ्यांना दिली जाते. ज्याचा नंबर दुपारी एकला लागणार, तो तेरा तास कोरडा राहतो. साधं पाणी, काळा चहा, चोथा नसलेला रस दोन तास आधीपर्यंत बहुतेकांना चालतो. कोरडं शरीर म्हणजे अर्ध्या भरलेल्या रक्तवाहिन्या. त्यांवर कमरेतली भूल पडली की बीपी असं घसरतं की बघणाऱ्याचाच जीव वर-खाली होतो. धार, खरगोन, बडवानीहून पहाटे निघून आलेले पेशंट तर प्रवासाचाही कोरडेपणा घेऊन टेबलावर येतात.

कमरेतून भूल म्हणजे हृदयाला धोका नाही, हा समज फार पक्का आहे. बहुतेकांना ती उत्तम असते. पण ती कमरेखालच्या रक्तवाहिन्या एकदम सैल करते. झडपेचं तोंड एक चौरस सेंटिमीटरपेक्षा अरुंद असलेलं हृदय, बीपी पडलं म्हणून जास्त रक्त बाहेर फेकू शकत नाही. दार तेवढंच आहे. बीपी पडलं की हृदयाच्या स्वतःच्या नसांनाच रक्त कमी, त्यामुळे आकुंचन कमी, त्यामुळे बीपी आणखी कमी. म्हणून ती मर्मर आधी ऐकायची.

पूर्ण भूल द्यायची तर श्वासनलिकेत नळी घालण्याचा क्षण वाईट असतो. पंधरा-वीस सेकंदांत नाडी आणि बीपी दोन्ही उडी मारतात. गुटखा खाणाऱ्या माणसाचं तोंड तीन बोटं उघडायच्या ऐवजी दीड बोट उघडतं, गालाचे पट्टे कडक झालेले असतात. तिथे तेच काम मिनिटांवर जातं आणि त्या सगळ्या वेळात हृदय पळत असतं. 'तोंड उघडा' हा प्रश्न दातांसाठी नसतो. सिगरेट-बिडी निदान चोवीस तास आधी सोडली तरी रक्तातला कार्बन मोनॉक्साइड बराच उतरतो आणि ऑक्सिजनला जागा होते. महिनाभर आधी सोडली तर फुप्फुसंही सुधारतात. पण 'आता काय उपयोग' म्हणत आदल्या रात्रीपर्यंत ओढणाऱ्यांनी हे चोवीस तास तरी वाया घालवू नयेत.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा. पोटाचं अस्तर एकदम ताणलं गेलं की काहींत नाडी ८० वरून ३५ वर येते, क्वचित थांबतेसुद्धा. अशा वेळी पहिला हात औषधाकडे जाऊ नये. आधी गॅस सोडायचा, मग नाडी वाढवणाऱ्या अॅट्रोपिनचा ०.६ मिलिग्रॅमचा अँप्यूल, मग पुन्हा हळूहळू गॅस. बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरच काम होतं. सांधा बदलताना हाडात सिमेंट दाबलं जातं त्या मिनिटाला, किंवा रक्त अडवायला मांडीला आवळलेला पट्टा सोडल्यावर, बीपी पडू शकतं. तेव्हा बोलाचाली बंद ठेवून मॉनिटरकडे बघायचं असतं. सरासरी दाब ६५ च्या खाली जितका वेळ राहील तितका हृदयाचा आणि किडनीचा हिशेब वाढतो, असं मोठे अभ्यास दाखवतात.

सकाळी टेबलाजवळ बीपी १९०/११० दिसलं, तर जिभेखाली निफेडिपिन फोडून ते झटकन १३० वर आणायची जुनी सवय अजून कुठे कुठे दिसते. ती सोडावी. उंच दाबाची सवय झालेला मेंदू आणि हृदय अशा पडझडीत उपाशी राहतात. १८०/११० च्या वर आणि ऑपरेशन थांबू शकतं, तर घरी पाठवून काही आठवडे नीट औषध द्यावं. खुब्याचं हाड मोडलं असेल तर मात्र थांबणंच महाग. म्हातारा माणूस बिछान्यात जितके दिवस पडून राहील तितकी न्यूमोनिया, गुठळ्या आणि बेडसोरची रांग लागते. इकोची अपॉइंटमेंट परवाची आहे म्हणून खुब्याचं ऑपरेशन परवावर ढकलणं, हे मला अजून न पटलेलं गणित आहे.

छोट्या प्रक्रियांचं थोडक्यात. मोतीबिंदूआधी सगळ्यांच्या तपासण्या करण्याने गुंतागुंत कमी होत नाही, हे २००० मध्ये एकोणीस हजारांहून जास्त ऑपरेशनांवर दिसलं. तिथे खरी परीक्षा एकच: माणूस अर्धा तास सपाट झोपू शकतो का? ज्याला रात्री तीन उशा लागतात, त्याच्या फुप्फुसात पाणी असू शकतं. ते आधी बघा, असेल तर काढा. बाहुली मोठी करायचे दहा टक्क्यांचे फेनिलेफ्रिनचे थेंब बीपी चांगलंच चढवू शकतात. कमी तीव्रतेचे मिळतात. दाताच्या इंजेक्शनातलं अॅड्रेनालिन हृदयाच्या पेशंटला अजिबात नको, असंही नाही. ०.०४ मिलिग्रॅमची मर्यादा पाळायची, म्हणजे एकास ऐंशी हजारच्या औषधात सुमारे तीन मिलिलिटर. भूल नीट लागली नाही तर वेदनेने शरीर स्वतःच त्याहून जास्त अॅड्रेनालिन सोडतं. कृत्रिम झडप असलेल्याने मात्र दात काढण्याआधी तासाभरात दोन ग्रॅम अॅमॉक्सिसिलिन घ्यायचं विसरू नये. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना तसं सांगून दुसरं औषध लिहून घ्यावं.

ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन हात जोडून सांगतात, सगळं छान झालं. मिठाईची गोष्ट निघते, अर्धे नातेवाईक घरी जातात. आणि हृदयासाठी धोक्याचा काळ इथे सुरू होतो.

हृदयाचा डावा पंप सगळ्या शरीराला रक्त देतो आकुंचन पावताना, पण स्वतः मुख्यतः पितो तो सैल पडल्यावर. आकुंचनात त्याच्या स्वतःच्या नसाच दाबल्या जातात. नाडी ७५ असताना एका ठोक्यात सैल पडण्याला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळतो, म्हणजे मिनिटात सुमारे चाळीस सेकंद जेवण. नाडी २०० वर गेली तर प्रत्येक ठोक्यात ०.१४ सेकंद उरतो. मिनिटात अठ्ठावीस सेकंद. काम वाढलं आणि जेवायची वेळ कमी झाली. दोनशे हे टोक झालं. पण ११५-१२० ची नाडी रात्रभर राहिली आणि नसेत आधीच सत्तर टक्के अडथळा असला, तर तोच हिशेब हळूहळू, आवाज न करता पूर्ण होतो.

नाडी का पळते? वेदना. थंडीने भरलेली हुडहुडी, जी शरीराची ऑक्सिजनची गरज दुपटी-तिपटीने वाढवते. आत कुठेतरी झिरपणारं रक्त. कमी पडलेलं सलाइन. अडकलेली लघवीची नळी आणि तट्ट फुगलेलं मूत्राशय. ताप. चुकलेली ती मेटोप्रोलॉलची गोळी. त्यात रक्त ऑपरेशननंतर जास्त चिकट झालेलं असतं, हिमोग्लोबिन बाराचं नऊ झालेलं असतं, आणि झोपेत ऑक्सिजनची नळी नाकातून सरकून गालावर आलेली असते. २००८ च्या त्याच मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतरच्या अटॅकांपैकी जवळपास तीन चतुर्थांश पहिल्या ४८ तासांत आले, आणि जवळपास दोन तृतीयांश पेशंटांना छातीत दुखलंच नाही. दुखणार कसं? दुखणं मारायचं औषध चालूच असतं. २०१४ मध्ये पंधरा हजार पेशंटांचं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) तपासून दिसलं की सुमारे ८ टक्क्यांत हृदयाला इजा झाली होती आणि त्यांतल्या पाचांपैकी चारांना एकही लक्षण नव्हतं. न तपासता ते सगळे 'छान झालं' मध्येच मोजले गेले असते.

म्हणून पासष्टीच्या पुढचा, किंवा हृदयाचा-मधुमेहाचा पेशंट असेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या सकाळी ट्रोपोनिन मागून घ्यावं. आधीचं एक मूल्य हाताशी असेल तर उत्तम, कारण किडनीच्या आजारात ते मुळातच वर असतं. वाढलेलं निघालं तर पुन्हा चाकूकडे धावायचं नसतं. ईसीजी, हिमोग्लोबिन, बीपी, नाडी नीट करायची, एस्पिरिन आणि स्टॅटिनचा विचार करायचा, हृदयाच्या डॉक्टरांना बोलवायचं.

रात्री तीनला बाजूच्या स्टुलावर बसलेल्या मुलाला किंवा सुनेला सांगायचं तर एवढंच सांगावं. बोटातल्या क्लिपवरचे दोन आकडे तासाभराने कागदावर लिहा. नाडी ११० च्या वर अर्धा तास टिकली, ऑक्सिजन ९० च्या खाली गेला, किंवा नाडी एकसारखी न चालता अडखळत चालली, तर सिस्टरला उठवा. अशी अडखळणारी नाडी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येऊ शकते, आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी असलं की जास्तच. "बाबा शांत झोपलेत, उठवू नका" हे वाक्य मोडा. हाक मारा, नाव विचारा. घाम, कारण नसलेली घबराट, अचानक गोंधळून बोलणं, उलटी: मधुमेह्यात अटॅक याच कपड्यांत येतो. आणि सिस्टर आली की "गॅस असेल" असं आपण होऊन म्हणू नका.

चौथ्या-पाचव्या दिवशी सुटी. डिस्चार्ज कार्डावर अँटिबायोटिक पाच दिवस, पोटाची गोळी, दुखण्याची गोळी आणि खाली 'कंटिन्यू ओल्ड मेडिसिन्स'. दुखण्याची म्हणून डायक्लोफिनॅक किंवा एटोरिकॉक्सिब असेल आणि जुन्यांत टेल्मिसार्टन व लघवी वाढवणारी गोळी असेल, तर तिघं मिळून किडनी निकामी करू शकतात. पॅरासिटामॉलवर भागतंय का ते विचारायला हवं. पण मोठा घोटाळा 'ओल्ड' या शब्दाचा. क्लोपिडोग्रेल बंद करून दहा दिवस झाले. घरच्यांच्या लेखी ते आता जुनं औषध नाही, बंद झालेलं औषध आहे. पाकीट त्याच कापडी पिशवीत तळाशी पडून राहतं, आणि स्टेंट गुठळीपुढे उघडा पडतो. सर्जनला रक्तस्रावाची भीती नसेल तर ते बहुधा एक-दोन दिवसांतच परत सुरू व्हायला हवं असतं, टेल्मिसार्टन बीपी स्थिर झालं की दोन दिवसांत, डापाग्लिफ्लोझिन नीट जेवायला लागल्यावर. कार्डावर तीन रकाने करून घ्या: गोळी, कधी थांबवली, कोणत्या तारखेपासून सुरू. तिसरा रकाना कोरा असेल तर रिक्षा थांबवून ठेवा आणि परत काउंटरवर जाऊन तो भरून घ्या.